चौदा महिन्यांची मुशी

दिनांक १४ जुलै २०२५, सोमवार. वेळ दुपारी तीन वाजून पंधरा मिनिटे.

नाव श्रीमती जयवंती आत्माराम तामोरे, वय ५४ वर्षे, धंदा मासळी विक्री, राहणार घिवली, तालुका व जिल्हा पालघर. मोबाईल आहे, पण तो जावयाकडे दिला आहे, नंबर पाठ नाही.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष बसून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती नऊ वर्षांपूर्वी वारले. मला एकच मुलगी, भाविका, वय २६. तिचं लग्न तीन वर्षांपूर्वी माकुणसार येथील ललित राऊत यांच्याशी झालं. जावई बोईसरला कंपनीत आहेत, दोघं तिथेच भाड्याच्या खोलीत राहतात. जावयाबद्दल माझी काही तक्रार नाही. भाविकाच्या सासूबाई मंदा राऊत यांच्याबद्दलही नाही. हे आधी लिहून घ्या, कारण हवालदार साहेबांनी मला तेच दोनदा विचारलं. माझ्या मुलीला जे काही खायला घातलं ते मी घातलं. माझ्या हाताने.

मी तीस वर्षं मासे विकते. बोईसरच्या बाजारात माझी ठरलेली जागा आहे. जून-जुलैत होड्या बंद असतात तेव्हा सुकट, बोंबील, सोडे घेऊन बसते. आजपर्यंत एका गिऱ्हाइकाने माझा मासा परत आणलेला नाही. बाजारात कोणालाही विचारा.

भाविका ५ जुलै रोजी शनिवारी सकाळी बोईसर येथील एका प्रसूतिगृहात बाळंत झाली. मुलगी झाली, वजन दोन किलो सातशे. टाके पडले. ८ तारखेला सुट्टी मिळाली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणून रिक्षा करून मी तिला व बाळाला घिवलीला घरी आणलं.

पहिलं, असं मी सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं आहे. ते बरोबर नाही. गेल्या वर्षी तिला सातवा महिना होता. ते मूल राहिलं नाही. तेही जुलैतच. त्याबद्दल मला इथे आणखी काही सांगायचं नाही, पण मुशीची गोष्ट तिथून सुरू होते म्हणून सांगावं लागतं.

मुशी म्हणजे बाजारात मोरी म्हणतात ती, शार्कचं पिल्लू. आमच्याकडे बाळंतिणीला मुशीचं पातळ कालवण देतात. लसूण जास्त, मिरी, हळद, तिखट नावाला. त्याने अंगावर दूध उतरतं. हवालदार साहेब म्हणाले, असं काही नसतं. मी त्यांना म्हटलं, "तुमी कवा बाळंत झालाव?" हे लिहू नका म्हटलं तरी त्यांनी लिहिलं. असू दे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मुशी मिळत नाही. बर्फाचे कारखानेही बंद. म्हणून ज्यांच्या घरी या दोन महिन्यांत बाळंतपण असतं त्या बायका मे महिन्यातच मुशी घेऊन ठेवतात. साफ करून, तुकडे करून, दुधाच्या पिशवीत घालतात आणि तुकडे बुडतील इतकं पाणी ओततात. पाण्याची वीट झाली की मासा आत राहतो, वारा लागत नाही. मी २०२४ च्या मे महिन्यात बंदरावर लिलावात चार मुश्या घेतल्या आणि अशा सहा पिशव्या करून फ्रीजरमध्ये ठेवल्या. त्या वेळच्या बाळंतपणासाठी.

नंतर त्या लागल्या नाहीत. चार पिशव्या मी कोणाकोणाला देऊन टाकल्या. दोन राहिल्या. का राहिल्या, असं मला विचारण्यात आलं. फेकायला हात धजला नाही. फ्रीज उघडला की दिसायच्या, म्हणून त्यांच्या पुढे बर्फाचे ट्रे लावून ठेवले. एवढंच.

या वर्षी मे महिन्यातही मुशी आली होती. चांगली, लहान, हातभर. सोजराबाई म्हणून माझ्या शेजारी बाजाराला बसतात, त्यांनी माझ्यासाठी दोन बाजूला काढून ठेवल्या. "जयवंती, घे गो, पोर जुलैत मोकळी होईल, तवा कुठं शोधशील?" असं त्या म्हणाल्या. मी घेतल्या नाहीत. घर भरलेलं आहे, जागा नाही, असं सांगितलं. ते खोटं होतं. खरं असं की मला भीती वाटली. गेल्या वर्षी सगळं आधी करून ठेवलं होतं. झबली शिवली, पाळणा मागून आणला, मुशी साठवली. या वर्षी मी घरात एक दुपटं आणलं नाही. आधी तयारी केली तर पुन्हा तसंच होईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. मी शिकलेली नाही, पण बावळट पण नाही. तरी घेतलं मनाने. म्हणून या वर्षीची मुशी माझ्याकडे नव्हती. होती ती गेल्या वर्षीचीच.

घरी आल्यावर भाविकाला दूध कमी येत होतं. बाळ ओढून ओढून थकायचं आणि रडायचं. गावच्या आशाताई १० तारखेला येऊन गेल्या. म्हणाल्या, येईल हळूहळू, नाहीच आलं तर डॉक्टरांना विचारून पावडर द्या. भाविका तोंड फिरवून झोपली. ती रडत होती हे मला पाठीवरून कळलं. एकदा मूल गेलेली पोर, आता दुसऱ्याला पाजता येत नाही म्हणून तिला काय वाटत असेल ते मी जाणते. मेथी दिली, खसखशीची खीर दिली, गूळ घालून बाजरीची पेज दिली. म्हणावं तसं उतरलं नाही.

१२ तारखेला शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास विहीणबाई, म्हणजे मंदा राऊत, बाळाला बघायला आल्या. त्यांची माकुणसारला वाडी आहे, केळी, पानवेल. येताना वेलची केळी आणि डिंकाचे लाडू घेऊन आल्या. चांगल्या बोलल्या. चहा झाल्यावर मी म्हटलं की उद्या हिला मुशी देते, म्हणजे दूध सुटेल. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, आता बंदी चालू, मुशी कुठून?" मी सांगितलं, फ्रीजमध्ये आहे. त्या म्हणाल्या, "कधीची?" मी म्हटलं, मे महिन्यातली. "या मेमधली ना?" मी म्हटलं, "मग काय तर!"

हे मी खोटं बोलले.

त्या पुढे म्हणाल्या की आमच्याकडे बाळंतिणीला फ्रीजमधलं काही देत नाहीत, राग मानू नका. मी राग मानला. तोंडावर दाखवला नाही, पण मानला. तीस वर्षं मासे विकणारीला वाडीवाली मासा शिकवते, असं माझ्या डोक्यात आलं. त्या काही बोलल्या नसत्या तर मी बहुतेक ती पिशवी टाकून सुकटीचं कालवण केलं असतं. बहुतेक. आता काय सांगणार. त्या चारच्या बसने गेल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी पिशवी बाहेर काढली. वेळ पक्की आहे, देवाजवळ दिवा लावून उठले आणि काढली. ती खायला ठीक आहे हे कसं ठरवलं, असं मला विचारण्यात आलं. ते सविस्तर सांगते.

पिशवी परातीत ठेवली. वीट घट्ट होती. पण पाणी एका बाजूला आणि तुकडे दुसऱ्या बाजूला गोळा झालेले होते, एक कोपरा पाण्याबाहेर. मी भरली तेव्हा पिशवी सपाट ठेवली होती आणि तुकडे मधोमध होते. असं कधी होतं ते मला माहीत आहे. मधे एकदा वितळून, कलंडून, परत गोठलं की होतं. जून महिन्यात वाऱ्याने आमच्याकडे दोन दिवस लाईट नव्हती. मी फ्रीजला गोणपाट गुंडाळलं, दार उघडलं नाही. कारखाना बंद, तर बर्फ आणणार कुठून. म्हणजे वितळली असणार. हे मला संध्याकाळी सहालाच कळलं होतं. मी स्वतःला म्हटलं, पिशवी कोणीतरी आडवी केली असेल. घरात मी एकटी राहते.

मग बर्फ सुटल्यावर मी वास घेतला. मुशीला अंगचाच वास असतो. ताजी मारून आणली तरी नाकात जाणारा, मुताच्या जवळचा. त्यामुळे इतर मासा नाकाने कळतो तसा मुशीचा कळत नाही. वास होता. नेहमीचा की जास्त, हे मला सांगता आलं नाही. मी नेहमीचा धरला. बोटाने दाबून बघितलं, खड्डा पडला तो सावकाश भरला. कण्याजवळ रंग थोडा पिवळा होता. हेच दुसऱ्या बाईच्या पाटीत बघितलं असतं तर मी तिला चार शब्द सुनावले असते.

दातिवऱ्याला माझी बहीण साखरबाई असते, तिला मी फोन केला. तिने विचारलं, किती दिवसांची? मी वर्षाची सांगितली, दोन महिने खाल्ले. ती म्हणाली, "बरफ सुटला नसेल तर काय होत नाय. सुटला होता का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग उकळ चांगली." अशा रीतीने मी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

रात्रभर तुकडे मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवले. रविवारी सकाळी थोडी कातडी उकडून मांजराला घातली. त्याने खाल्ली आणि ते चुलीजवळ झोपलं. दोन तास मी त्याच्याकडे बघत होते. ते मजेत होतं. मग मी कालवण टाकलं आणि अर्धा तास उकळलं. ते मांजर आता कुठे आहे, असं मला विचारण्यात आलं. आज सकाळी दिसलं नाही. पावसाचं ते असंच जातं, दोन-दोन दिवस येत नाही. असं मी मानते.

१३ तारखेला, रविवारी, दुपारी साडेबारा वाजता मी भाविकाला कालवण-भात वाढला. बाळंतिणीचं टोप वेगळं असतं, त्यातलं दुसऱ्याने खायचं नसतं, म्हणून मी बोंबलाचं कालवण खाल्लं. तिने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आये, ही ती नाय ना?"

मी म्हटलं, "कुठची ती?"

तिने मान खाली घालून ताटातलं सगळं खाल्लं. वाटीतला रस्सा पण प्यायली. बाळासाठी म्हणून प्यायली. तिला कळलं होतं असं माझं म्हणणं आहे.

संध्याकाळी पाच वाजता तिला थंडी वाजायला लागली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग ओकारी झाली, दोनदा, पाठोपाठ. अंग भाजत होतं. ओटीपोट धरून वाकली होती. मी शेजारच्यांची गाडी मागितली, जावयाला फोन केला, आणि साडेसात वाजता तिला बोईसरच्या रुग्णालयात नेलं. गाडीत बाळ माझ्या मांडीवर होतं. भाविका म्हणाली, "आये, बाळाला माझं दूध देऊ नको, त्यात उतरलं असेल."

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी बाळाला थोपटत राहिले. तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, नीट ऐका. खाण्यातून झालं असेल तर सलाईन लावू, दोन दिवसांत उभी राहील. पण बाळंतपणानंतरचा गर्भपिशवीचा जंतुसंसर्ग असेल तर तो रक्तात पसरतो आणि मग आमच्या हातात वेळ राहत नाही. दोन्हीत ताप येतो, दोन्हीत उलटी होते. रक्त तपासायला पाठवलंय, त्याचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील. तोवर तुम्ही सांगाल त्यावर मला चालायचंय. खरं सांगा."

मी खरं सांगितलं. मुशी, फ्रीजमधली, चौदा महिन्यांची, मधे वितळलेली. जावई, आणि माकुणसारहून धावत आलेल्या विहीणबाई, मागेच येऊन उभे होते. जावई म्हणाले, "आई, चौदा महिने?" मग त्यांना हिशेब लागला असावा, कारण ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. विहीणबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी बाळाला माझ्या हातातून घेतलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी कागदावर अन्नातून विषबाधा झाल्याचा संशय, असं लिहिलं आणि पोलिसांना कळवलं. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, आणि सांगितलं की दुसरं काही लक्षण आठवलं तर लगेच सांगा.

आज सकाळी भाविकाचे कपडे आणायला मला घिवलीला पाठवलं. मी साडेनऊला घरी पोचले. कालवण उरलं असेल तर ते बरणीत भरून आण, तपासायला पाठवू, असं मला रुग्णालयातून सांगितलेलं होतं. ते कालवण कुठे आहे, असं हवालदार साहेबांनी विचारलं.

ते मी खाल्लं.

सकाळी दहा वाजता. टोपात तीन तुकडे आणि वाटीभर रस्सा होता. गरम केलं नाही. मी सोमवार पाळते, लग्न झाल्यापासून सोमवारी तोंडाला मासा लावलेला नाही. आज खाल्ला. देव्हाऱ्याकडे पाठ करून बसले.

यावर हवालदार साहेब पेन खाली ठेवून ओरडले, "मावशी, तो पुरावा होता! पुरावा नष्ट केला म्हणून तुमच्यावरच कलम लागेल." मी म्हटलं, "पुरावा माझ्या पोटात हाय, जातो कुठं?" ते म्हणाले, मरायचं होतं का? मी मरायला खाल्लं नाही. बरणी पालघरला जाणार, तिथून पुढे कुठे जाणार, कागद कधी येणार? पोटाचा निकाल चार-पाच तासांत येतो. पोरीने साडेबाराला खाल्लं आणि पाचला तिला झालं, म्हणजे साडेचार तास. मी दहाला खाल्लं. मला अडीचच्या सुमारास व्हायला पाहिजे. मला ओकारी झाली, थंडी भरली, तर ती मुशीच. मग माझी मुलगी दोन दिवसांत उभी राहील. तुम्ही मला कुठलं कलम लावायचं ते लावा, मी आत बसते, बाळाचं तोंड नाही दाखवलं तरी चालेल.

आता भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी आहेत. मला काही झालेलं नाही.

मी इथे येताना रस्त्यात गावदेवीला सांगितलं की मला होऊ दे. लोक देवापाशी बरं वाटू दे म्हणतात, मी ओकारी मागितली. मघाशी बाकावर बसले होते तेव्हा पोटात गुरगुरलं, मला इतकं बरं वाटलं. पण ते भुकेचं होतं. साहेब, मला फार भीती वाटते आहे. मी मुशीला इतकी घाबरले होते, आता मुशी नसेल याला घाबरते आहे.

यानंतर मला विचारण्यात आलं की, रविवारी मुशी खाण्याच्या आधी मुलीची काही तक्रार होती काय. मी नाही म्हटलं. हवालदार साहेबांनी तसं लिहिलं. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं होतं.

त्यानंतर महिला शिपाई मॅडम माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. त्यांनी बाळाचं विचारलं, टाके किती, अंगावरून जातं ते कमी झालं का, असंही विचारलं. त्यांना दोन मुलं आहेत. त्यांच्याशी बोलताना जे आठवलं ते लिहून घ्यावं असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बायकांचं आहे, पुरुष माणसासमोर कसं सांगू. त्या म्हणाल्या, "मावशी, लाजू नका, सांगा." हवालदार साहेबांनी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं आणि तसंच लिहून घेतलं.

ते असं. शुक्रवारपासून भाविकाचं ओटीपोट दुखत होतं. मी विटेचा शेक दिला. गर्भपिशवी जागेवर येताना दुखतंच, मला पण दुखलं होतं. आणि शनिवारी सकाळी सात वाजता मी तिचे कपडे बदलत होते तेव्हा ती म्हणाली, "आये, कसला घाण वास येतो गो. माझ्याच अंगाला येतो." मी हसले. म्हटलं, "कोळणीच्या घरात बाळंत झालीस, अत्तराचा येल का?" ती पण हसली. मग मी कपडे धुवायला नेले. वास होता. मला आला. पण मी मुशीचाच समजले. काल डॉक्टरांनी लक्षणं विचारली तेव्हाही मला आठवला, पण माझ्या डोक्यात मुशीच भरली होती, तेव्हा म्हटलं तो मुशीचा, तो काय सांगायचा.

हवालदार साहेबांनी खुर्ची परत फिरवली. विचारलं, "मावशी, शनिवारी सकाळी किती वाजता म्हणालात?"

मी म्हटलं, सात.

"आणि मुशी फ्रीजमधून बाहेर कधी काढलीत?"

मी म्हटलं, संध्याकाळी सहाला, वर लिहिलंय की तुम्ही.

त्यांनी मागचं पान उलटून ते बघितलं. महिला शिपाई मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं. सकाळी सात वाजता मुशी फ्रीजमध्ये होती. दगडासारखी घट्ट होती. तिचा वास बाहेर यायचं काही कारण नव्हतं.

तीस वर्षं माझ्या नाकाला दुसरा वासच माहीत नाही हो साहेब. जिथे तिथे मला मासाच.

हवालदार साहेबांनी लगेच रुग्णालयात फोन लावला. आधी जावयांनी घेतला, मग डॉक्टरांना दिला. साहेबांनी फोन माझ्या कानाला लावला. डॉक्टरांनी विचारलं, वास कधीपासून? मी सांगितलं, शनिवार सकाळ. ओटीपोट कधीपासून? शुक्रवार. काल सांगितलं का नाही? मी म्हटलं, मुशीचाच वाटला. मग त्यांनी विचारलं, ते कालवण आणखी कोणी खाल्लं का? मी म्हटलं, मी खाल्लं, दहा वाजता, मला काही नाही. ते म्हणाले, "आजी, तुम्ही ताबडतोब इथे या," आणि कोणालातरी मोठ्याने काहीतरी आणायला सांगताना ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

जबाब पुरा झाला की मॅडम मला गाडीवरून रुग्णालयात सोडणार आहेत, म्हणून यापुढचं विचारू नये अशी माझी विनंती आहे.

वरील मजकूर महिला शिपाई मॅडमनी मला उभ्या उभ्या वाचून दाखवला. जिथे खोटं बोलले ते खोटं म्हणूनच लिहिलेलं आहे आणि बाकीचं मी सांगितलं तसंच आहे. आता चार वाजून पंचवीस मिनिटं झाली. मुशी खाऊन मला सहा तास पंचवीस मिनिटं झाली. मला ओकारी नाही, थंडी नाही, पोटात कुठेही दुखत नाही. हे सर्व खरं आहे.

सही
जयवंती आत्माराम तामोरे